झाल्याची खूण

एकतीस वर्षे मी मोजणी खात्यात पट्टी धरण्याचे काम केले. ज्यांना हे काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी प्रारंभीच थोडा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. जमिनीची उंचसखलता मोजताना मोजणीदार साहेब एका जागी तिपाईवर दुर्बीण लावून उभे राहतात, आणि त्यांचा माणूस, म्हणजे मी, दूरवर जाऊन आकडे रंगवलेली लांब पट्टी उभी धरतो. साहेब दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचतात व वहीत उतरवतात. पट्टी किंचित जरी कलली तरी आकडा खोटा पडतो, म्हणून पट्टीवाल्याला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. अंतर इतके असते की हाक पोहोचत नाही. सगळा कारभार हातांवर चालतो. साहेबांचा हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला सरकायचे. हात आडवे पसरले की तिथेच थांबायचे. आणि दोन्ही हात वर करून खाली आणले, म्हणजे आकडा मिळाला, आता पट्टी उचलावी. या शेवटच्या खुणेला आम्ही झाल्याची खूण म्हणत असू. ती मिळाल्यावाचून पट्टीवाल्याने जागा सोडायची नाही, हा या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम होय.

एकदा साहेब आकडा लिहून घेऊन चहाला निघून गेले आणि खूण करायचे विसरले. मी भर उन्हात दोन तास पट्टी धरून उभा राहिलो. ही गोष्ट माझ्या पत्नीने पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली. "ह्यांचं काही विचारू नका. खूण केल्याशिवाय जेवणावरूनसुद्धा उठायचे नाहीत," असे म्हणून ती हातातल्या वाढायच्या डावासकट दोन्ही हात वर करून खाली आणी, आणि पाहुणे पोट धरून हसत. खरोखरच पुढे आमच्यात ती रीतच पडली. माझे जेवण झाले की ती ओट्यापासून खूण करी, मग मी हात धुवायला उठे.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. तीन आठवड्यांचे आजारपण, एवढेच निमित्त झाले. तिच्या पश्चात त्या दोन खोल्यांत मला जो काळ काढावा लागला त्याचे वर्णन करण्याइतके माझे शिक्षण नाही. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही. जे काही शब्द जमवले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. एवढेच सांगतो, की जेवण संपल्यावर मी रिकाम्या ताटापुढे पुष्कळ वेळ बसून राहत असे. भात वाळून बोटांना चिकटे. आपण कशाची वाट पाहत आहोत हे माझ्या ध्यानी येई तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटे.

आम्हांला एकच मुलगी. ती येथून एक दिवस आणि एक रात्र रेल्वेने जावे इतक्या दूरच्या शहरात, एका इस्पितळात क्ष-किरण विभागात काम करते. माणसाला पाटीसमोर उभे करायचे, श्वास रोखायला सांगायचे आणि त्याच्या हाडांचे चित्र काढायचे, हा तिचा व्यवसाय. लहानपणी सुट्टीत ती माझ्याबरोबर माळावर येत असे. आमच्या सगळ्या खुणा तिला पाठ होत्या. साहेबांच्या पाठीमागे उभी राहून ती त्यांच्यासारखेच हात हलवी, आणि साहेब हसून म्हणत की खात्याला आणखी एक मोजणीदार मिळाला.

आई गेल्यानंतर तेराव्या महिन्यात तिने मला पार्सलाने तिचा जुना कॅमेरा पाठवला. सोबत चिठ्ठी होती. "मी माणसांची आतली चित्रं काढते, तुम्ही बाहेरची काढा. घरात बसून भिंती मोजू नका."

तिची आज्ञा मी शिरोधार्य मानली. आमच्या गावात पासपोर्टचे फोटो काढणारा एक स्टुडिओ आहे. त्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी हौशी छायाचित्रकारांचे मंडळ भरते. स्टुडिओचे मालक तेथे शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी देखाव्यांचे छायाचित्रण शिकण्याचे ठरवले, कारण माणसांना "जरा हसा" असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मास्तरांनी सांगितले, लेन्सचे छिद्र लहान केले की जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते, परंतु उजेड कमी शिरतो. म्हणून पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये. हे ऐकून मला मोठा धीर आला. न हलणे ही एक विद्या तरी माझ्यापाशी होती.

तथापि पहिल्या सहा महिन्यांत माझ्या एकाही चित्राला मंडळात कुणी चांगले म्हटले नाही. माझे क्षितिज पाणसळीने तपासल्यासारखे आडवे असे. झाड असो वा खांब, तो चौकटीच्या बरोबर मध्यावर उभा असे, कारण दुर्बिणीतल्या उभ्या आणि आडव्या तारा जेथे छेदतात तेथेच वस्तू असली पाहिजे, हे माझ्या हाडीमासी खिळले होते. मंडळात दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. जीभ तिखट, मन मऊ. त्या माझा एक फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "काका, हा कोर्टात पुरावा म्हणून एकदम चालेल." सगळे हसले, मीही हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पट्टीवाले, ह्यात चूक काही नाही, हीच पंचाईत आहे."

मग त्यांनी मला विचारले की मी जेथे जन्मभर काम केले त्या माळांवर सकाळ कशी होते. मला प्रत्येक उंचवट्याची उंची बोटांवर सांगता आली असती. पण तेथली सकाळ मला ठाऊक नव्हती. पट्टीवर ज्या बाजूला आकडे असतात ती दुर्बिणीकडे करायची असते, आणि पट्टीमागे उभा असलेला माणूसही दुर्बिणीकडेच तोंड करून असतो, कारण खूण तिकडून यायची असते. म्हणजे एकतीस वर्षे, जेथे जेथे म्हणून देखावा होता, तेथे तेथे माझी त्याच्याकडे पाठ होती. हा विचार त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आला. घरी जाताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो.

मुलीचा फोन दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता येतो. जेवण वेळेवर घेता का, गोळी घेतली का, पाणी गरम करून पिता का; तिचे प्रश्न ठरलेले आणि माझी उत्तरेही. चार-पाच मिनिटांत आमचे बोलणे संपते. त्यात तिचा दोष नाही. ती कामाने पिचलेली असते, आणि माझ्यापाशी सांगण्याजोगे काही नसते. आईचे दिवस झाल्यावर ती परत गेली, त्यानंतर तिला घरी येणे जमले नव्हते. मी कधी ये म्हटले नाही. जे जमणार नाही ते मागून तिला कानकोंडे कशाला करावे?

ज्या रविवारची हकिकत मला सांगायची आहे, त्या दिवशी तिने आरंभीच सांगितले की तिला जरा घाई आहे. तिसऱ्या मिनिटालाच ती "बरं बाबा, ठेवू मग?" असे म्हणाली. त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द निसटले.

"अगं, माझा फोटो निवडलाय. मंडळाच्या प्रदर्शनात लागणार आहे."

मग ती म्हणाली, "तुमचा? भिंतीवर?"

मी हो म्हणालो. प्रदर्शन केव्हा, कुठे, किती दिवस, हे तिने विचारले. ते सर्व मी खरे सांगितले. वाचनालयाच्या सभागृहात, तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी. त्या दिवशी आम्ही एकोणीस मिनिटे बोललो. फोन ठेवण्यापूर्वी ती म्हणाली, "मी येते. रजा टाकते, तिकीट काढते. आता ह्यावर काही बोलू नका."

फोन ठेवला आणि मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे जाऊन उभा राहिलो. निवड अजून व्हायचीच होती. ती तेरा दिवसांनी, म्हणजे येत्या नव्हे तर त्याच्या पुढच्या शनिवारी, मास्तर स्वतः करणार होते. गेल्या वर्षी चौदा सभासदांतून नऊ जणांचेच फोटो लागले होते. माझी मुलगी एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून येणार, आणि बापाच्या नावाच्या जागी तिला मोकळी भिंत दिसणार! मी आयुष्यात एकही आकडा खोटा सांगितला नव्हता. सांगितला तो असा, पोटच्या पोरीला.

तिला पुन्हा फोन करून खरे सांगावे, असा विचार मी त्या आठवड्यात कितीदा केला याची गणती नाही. परंतु खरे सांगितले म्हणजे ती येणार नाही, हेही मला दिसत होते. अखेर मी निश्चय केला की तेरा दिवसांत खोट्याचे खरे करायचे.

रोज पहाटेच्या पहिल्या बसने मी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ लागलो. तेथून पुढे माळ लागतो आणि माळापलीकडे एक बुटका, लांबोडका डोंगर आहे. मुलगी लहान असताना शहराला वळसा घालणाऱ्या रस्त्यासाठी आम्ही तो माळ अकरा आठवडे मोजला होता. रस्ता झाला नाही. आमचे खुणेचे दगड मात्र क्रमांकांसकट अजून गवतात उभे आहेत. मी तिपाई लावी, छिद्र लहान करी, श्वास रोखी आणि फोटो काढी. घरी येऊन पाहावे तर डोंगर असा दिसे जणू कुणी रस्त्याकडेला मातीचा ढीग ओतून गेले आहे. दिवसामागून दिवस गेले. धुके आले, ऊन आले, एकदा गाई आल्या, आणि माथ्यामागचे आकाश रोज धुरकटच राहिले. ढीग तो ढीगच राहिला.

आठव्या दिवशी मला कारण सापडले, निदान तेव्हा मला तसे वाटले. चित्रात पट्टीच नव्हती. पट्टी नसेल तर डोंगर केवढा आहे हे कुणाला कसे कळावे? कुणीतरी माणूस तेथे उभा पाहिजे. सतरा क्रमांकाच्या दगडापाशी माणूस उभा राहिला की डोंगराला आपोआप उंची येईल. पण त्या माळावर माझ्याशिवाय चिटपाखरू नसे. मी बसच्या ड्रायव्हरला विनंती करून पाहिली. तो भला माणूस होता. म्हणाला, "काका, गाडी इथं सोडून तुमच्या डोंगरापुढं उभा राहिलो, तर उद्यापासून रोज तिथंच उभं राहायची वेळ येईल."

तेव्हा मी कॅमेऱ्याच्या टायमरचा आधार घ्यायचे ठरवले. बटण दाबल्यापासून दहा सेकंदांनी पडदा आपोआप उघडतो. तिपाईपासून सतराव्या दगडापर्यंत माझी चाळीस पावले होत होती. तिपाई पुढे घेतली असती तर अंतर कमी झाले असते, हे मलाही समजत होते. पण तेथून डोंगराचे डावे टोक चौकटीबाहेर जाई, आणि अर्धवट डोंगर मोजायचा नसतो. म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी दहा सेकंदांत चाळीस पावले पळण्याचा सराव आरंभला. आमच्या इमारतीच्या लांब गॅलरीत मी संध्याकाळी मनात आकडे मोजत धावू लागलो. तिसऱ्या फेरीला शेजारच्या वहिनींनी दार उघडून काळजीने विचारले, "भाऊजी, पोट बिघडलंय का? ओव्याचं पाणी देऊ?" मी नको म्हणालो आणि उरलेल्या फेऱ्या पायांचा आवाज न करता पूर्ण केल्या.

माळावरचे पहिले प्रयत्न सांगण्यासारखे नाहीत. एका फोटोत मी पळताना एक पाय हवेत आहे, एका फोटोत मी गुडघ्यावर आहे, आणि एकात मी दिसतच नाही, कारण मी गवतात पडलो होतो. अखेर निवडीच्या शनिवारची सकाळ उजाडली. आकाश भरून आले होते म्हणून मी छत्री घेऊन गेलो. त्या सकाळी मात्र पायांनी साथ दिली. आठ मोजेपर्यंत मी दगडाशी पोहोचलो, वळलो, मिटलेली छत्री पट्टीसारखी सरळ उभी धरली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून स्तब्ध राहिलो. पडदा उघडल्याचा बारीक आवाज त्या निवांत माळावर मला स्पष्ट ऐकू आला. असे दोन फोटो बिनचूक निघाले. माझ्या जिवात जीव आला.

तिसरा मी केवळ खात्रीसाठी काढायला गेलो. पळत दगडाशी पोहोचलो आणि वळणार, तोच ढगांखालून उजेड आला. तो पायथ्यापासून सरसर डोंगरावर चढला. पाण्याने कोरलेल्या घळी एकेक करून उघड्या झाल्या, जणू कुणी हाताने चुण्या सारख्या करत होते. मग माथ्यावरचे धुके सरकले आणि त्या डोंगराच्या मागे दुसरा एक डोंगर उभा राहिला, निळसर, पहिल्याच्या दुप्पट उंच. अकरा आठवडे मी या जागी पट्टी धरली होती. इथे दुसरा डोंगर आहे, हे मला ठाऊकच नव्हते. हे कुणाला सांगावे म्हणून मी बाजूला पाहिले, तर बाजूला दगड होता. मी वळायचे विसरलो. छत्री केव्हा खाली आली ते समजले नाही. पडदा उघडला असेल, मला ऐकू आला नाही.

तिपाईशी येऊन पाहतो तर तिसऱ्या फोटोत माझी पाठ आलेली. खांदे पडलेले, छत्री जमिनीला टेकलेली, सदऱ्याचे एक टोक बाहेर. वाया गेला म्हणून मी तो पुसून टाकणार होतो. पण दुरून बसचा भोंगा ऐकू आला आणि ते राहून गेले.

संध्याकाळी माडीवर मी मास्तरांच्या हाती कॅमेऱ्यातले कार्ड दिले आणि शेवटून दुसरा व तिसरा पाहावा अशी विनंती केली. त्यांनी ते मोठ्या पडद्यावर लावले. मी छत्री धरून डोंगरापुढे उभा होतो, चौकटीच्या मध्यभागी, नाकासमोर पाहत. डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "काका, हे डोंगराचं ओळखपत्र झालं." या वेळी कुणी फारसे हसले नाही, आणि तेच मला अधिक लागले. मुलगी फलाटावर उतरते आहे, असे काहीतरी मला दिसू लागले.

मास्तरांचा अंगठा बटणावर होता. त्यांनी पुढचा फोटो आणला, आणि अंगठा थांबला.

"हा कुणी काढला?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "तिथं दुसरं कुणी नव्हतं. तो मीच आहे. वाया गेलाय तो, वळायचं राहून गेलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग मास्तर म्हणाले, "पट्टीवाले, हा लागतोय. आणि पुढच्या वेळी वळू नका."

मी माडीचा जिना उतरून रस्त्यावर आलो. माझे खोटे खरे झाले होते. असा आनंद मला कधी झाला असेल तर तो मुलगी जन्मली तेव्हा. पहिले मनात आले ते हे की तिला फोन करावा. मी रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या खांबाखाली उभा राहून फोन लावला. तिने तो पहिल्याच घंटीला उचलला आणि धास्तावून म्हणाली, "काय झालं बाबा? आज शनिवार आहे."

तेव्हा माझ्या ध्यानी आले की ही बातमी मी तिला तेरा दिवसांपूर्वीच दिलेली आहे. ती आता पुन्हा देता येत नाही. माझ्यापाशी खरी बातमी होती आणि ती सांगायला जगात एकही माणूस शिल्लक नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो. "जेवलीस का?"

"सात वाजलेत, बाबा," ती म्हणाली.

मी बरे म्हणून फोन ठेवला. त्या रात्री जेवण झाल्यावर मी ताटापुढे बसलो, तो किती वेळ ते मी पाहिले नाही.

प्रदर्शनाच्या रविवारी ती सकाळच्या गाडीने आली. थोडी वाळली होती, आणि केसांत एक पांढरी बट आली होती. तिला संध्याकाळच्याच गाडीने परतायचे होते. दोन दिवस प्रवासात जाणार, एवढीच रजा मिळाली होती. घरी आल्यावर तिने आईचे कपाट उघडले, बंद केले, आणि ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून चहा केला.

सभागृहात माझा फोटो खिडकीजवळच्या भिंतीवर होता. मी तिला तिथे नेले आणि एक पाऊल मागे राहिलो. कुणीही प्रथम चित्र पाहते. माझी मुलगी तसे करत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तिच्या धंद्यात चित्र हाती आले की आधी कोपऱ्यातले नाव आणि तारीख वाचायची असते. नाहीतर एकाचा मोडका हात दुसऱ्याच्या गळ्यात जातो. आमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फोटोखाली चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर फोटो काढल्याची तारीख. तिने वाकून चिठ्ठी वाचली. मग ती सरळ झाली, पुन्हा वाकली आणि बोटांवर काहीतरी मोजले.

"बाबा, तुम्ही मला फोनवर सांगितलंत, त्याच्या नंतरची तारीख आहे ही. बारा-तेरा दिवस नंतरची."

माझी मान खाली गेली. सभागृहात माणसे होती, म्हणून मी हलक्या आवाजात सगळे सांगितले. त्या रविवारी ती फोन ठेवत होती, हेही सांगितले. तो भाग सांगायचा नाही असे मी ठरवले होते.

ती ऐकत होती, पण पाहत होती ती फोटोकडे. माझे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी रजेच्या अर्जात वडील आजारी आहेत असं लिहिलंय. प्रदर्शनाला कोण रजा देतं?" मग तिने ओढणीने नाक पुसले आणि हसली. "म्हणजे दोघंही सारखेच. आई असती तर दोघांनाही डाव दाखवला असता."

तिने फोटोतल्या त्या पाठमोऱ्या माणसावर बोट नेले; काचेला लावले मात्र नाही. "काय बघताय तिथं?"

"मागं आणखी एक डोंगर आहे," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं."

"मी लहानपणी बघितलाय तो," ती म्हणाली. "साहेबांच्या मागं उभी असायचे ना मी. तुम्ही त्याच्यापुढं एवढेसे दिसायचात. मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

संध्याकाळी मी तिला स्थानकावर सोडायला गेलो. सामान फार नव्हते. एक पिशवी, आणि आईचा एक स्वेटर, जो तिने मला न विचारता घेतला होता. पाऊस येईल म्हणून माझ्या हातात छत्री होती. ती डब्यात चढली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, माझ्याकडं तुमचा समोरून काढलेला एकही नवा फोटो नाही. जरा लांब उभे राहा." मी चार पावले मागे गेलो. फोन डोळ्यांपुढे धरून तिने दुसरा हात उजवीकडे नेला. मी उजवीकडे सरकलो. हात हलतच होता. मी आणखी सरकलो, फलाटावरच्या घड्याळाखाली आलो. मग तिचा हात आडवा पसरला आणि स्थिर झाला. मी थांबलो, छत्री शेजारी सरळ उभी धरली आणि श्वास आत घेतला.

गाडी हलली. तिने फोटो काढलेला मला दिसला. ती फोन पिशवीत ठेवू लागली, एवढ्यात सामानाची एक उंच हातगाडी आमच्या मध्ये आली, आणि हातगाडी पुढे सरकली तेव्हा डबा वळणावर गेला होता. त्या अवधीत तिने हात वर केले की नाही, हे मला सांगता येत नाही. केलेही असतील.

शेवटचा डबा दिसेनासा झाला. फलाट रिकामा होत गेला. एक झाडूवाली बाई टोकापासून झाडत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, गाडी गेली."

"हो," मी म्हणालो, "मला माहीत आहे."

माझ्या पायांपाशी केर साठला होता, तो काढण्यासाठी तिने झाडू पुढे केला. मी आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही पुन्हा त्याच जागी ठेवले.